रेणापूर नाक्यावरच्या वायरिंगवाल्या चाचांना

चाचा, सलाम.

हे तुमच्यापर्यंत पोचेल की नाही, ठाऊक नाही. शेडमधल्या पोराच्या मोबाइलवर कुणीतरी दाखवेल, अशी आशा धरून लिहिते. त्या संध्याकाळी गाडी घेऊन निघाले तेव्हा तुम्ही दुसऱ्या गाडीच्या बॉनेटखाली वाकला होतात. ‘येते चाचा’ एवढंच म्हणाले आणि निघाले. आणखी एक शब्द बोलले असते तर भर नाक्यावर रडू फुटलं असतं. ज्यांनी माझे पैसे घेऊन गाडी होती तशीच परत दिली त्यांच्याबद्दल मी येईल-जाईल त्याच्याजवळ बोलले आहे. मग तुमच्याबद्दल गप्प बसणं बरोबर नाही. म्हणून हे उघड पत्र.

वाचणाऱ्यांना माझी ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. मी लातुरात मेस चालवते. नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, कुठून कुठून लेकरं इथं बारावीच्या आणि नीटच्या तयारीला येतात, एका खोलीत तिघं-चौघं राहतात. त्यांच्या आई-बापानं शेत गहाण टाकलेलं असतं, कुणी सोनं मोडलेलं असतं. खाडगाव रोड, औसा रोड, अंबाजोगाई रोड अशी पांगलेली ही लेकरं. त्यांच्या दारात सकाळी वेळेवर डबा गेला पाहिजे. भाकरी-पोळी, भाजी, वरण-भात, शेंगदाण्याची चटणी. आधी रिक्षा लावायचे, ती परवडेना. म्हणून बचत गटाकडून कर्ज उचललं आणि एक जुनी व्हॅन घेतली. विकणारा म्हणाला, ‘ताई, नुसती चावी फिरवायची, डोळे झाकून घ्या.’

चावी फिरवली की कधी चालू व्हायची, कधी नुसतं टक-टक. काचेमागचे दिवे मंद व्हायचे. इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा त्याच्याबरोबर नाचायचा. गल्लीतली पोरं बिचारी धक्का मारायची, पण डबे भरलेली गाडी ढकलताना वरण सांडायचं. एका सकाळी एका पोराचा फोन आला. ‘काकू, टेस्टला निघतो, बिस्किटं आहेत माझ्याकडं, तुम्ही टेन्शन घेऊ नका.’ परक्या गावात राहणारं सतरा वर्षांचं लेकरू उपाशी जाताना मलाच धीर देत होतं. तो फोन ठेवल्यावर मी व्हॅनच्या पायरीवर बसून राहिले. चाचा, मी तुमच्याकडं आले ती हे सगळं पोटात घेऊन आले होते.

आधी कुठं कुठं गेले ते सांगते. एका मोठ्या दुकानात काचेची केबिन होती, एसी होता. तिथं बॅटरीवर हात ठेवून म्हणाले, ‘बॅटरी गेली.’ नवी घेतली. थोडे दिवस बरे गेले, पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, डायनामो चार्जिंग करत नाही. तोही बदलला. तिसऱ्यानं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि म्हणाला, ‘हे सगळं वायरिंगच बदलावं लागेल’, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मला घेरीच आली. यातल्या एकानंही करंट मोजायचं मीटर लावलं नाही. नुसता अंदाज बांधायचा, आणि त्या अंदाजाचे पैसे मी द्यायचे!

आणखी एक गोष्ट पैशापेक्षा जास्त लागली. गाडी माझ्या नावावर. चालवते मी, हप्ता मी भरते. पण सोबत आलेल्या माझ्या भाच्याकडं बघून सगळे बोलायचे. त्याला अजून गाडी चालवता येत नाही. प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर त्याला मिळायचं. मी तिथं उभी आहे हेच जणू कुणाला दिसत नव्हतं.

तुमच्याकडं तुम्ही बॉनेटला हातच लावला नाहीत. विचारलंत, ‘ताई, बंद कोणत्या दिवशी पडते?’

असलं कुणी मला विचारलंच नव्हतं. मी विचार करून सांगितलं, जास्त करून सोमवारी. मग विचारलंत, रविवारी गाडी कुठं असते? रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, दुपारपासून व्हॅन दारात उभी. ‘म्हणजे उभी असताना कुणीतरी करंट खातंय,’ तुम्ही म्हणालात, ‘आणि डबे वाटताना पन्नास वेळा सेल्फ मारता, दोन गल्ल्या जाता, परत बंद. खाल्लेलं भरून निघायला गाडी तेवढी चालतच नाही.’ गाडीला हात लावायच्या आधी अर्धं दुखणं तुम्ही बोलण्यातूनच बाहेर काढलंत.

मग जे झालं त्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

तुम्ही बॅटरीची मायनसची वायर सोडवलीत, मधे मीटर जोडलंत, दाराचं बटण टेप लावून दाबून ठेवलंत, म्हणजे आतला दिवा लागू नये. शेडमधला पोरगा मोकळाच उभा होता, पाने पुसत. भाचाही शेजारीच होता. दोघांपैकी कुणाच्याही हातात तुम्ही मीटर देऊ शकला असतात. हात पायजम्याला पुसून तुम्ही ते माझ्यापुढं धरलंत. ‘धरा ताई. गाडी तुमची आहे, आकडा तुम्हीच बघा.’

पिवळ्या रबरी कव्हरचं ते मीटर, कोपऱ्यात तडा गेलेला, वर तुमच्या बोटांचा काळा ठसा. त्यावर ०.४२ अँपिअर दिसत होतं. तुम्ही सांगितलंत की उभ्या गाडीत हा आकडा ०.०५ च्या आत हवा. घड्याळाला, रेडिओच्या मेमरीला तेवढा करंट लागतोच. मग तुम्ही डॅशबोर्डखाली डोकं घातलंत आणि एकेक फ्यूज काढत तिथूनच विचारत राहिलात. ‘आता किती?’ बेचाळीस. ‘आता?’ बेचाळीस. सगळे फ्यूज काढून झाले तरी आकडा फारसा हलेना. माझा धीर सुटत चालला होता. तुम्ही मात्र खूश झालात. ‘मग चोर फ्यूज बॉक्सच्या बाहेर आहे,’ म्हणालात.

बॅटरीच्या प्लसवर कंपनीच्या जाड वायरीशिवाय आणखी एक बारीक निळी वायर होती. रोज बॉनेट उघडून पाणी बघणारी मी, मला ती कधी वेगळी वाटलीच नव्हती. ती तुम्ही मॅटखालून मागं मागं शोधत गेलात. एका सांध्यावर काळी टेप गुंडाळलेली होती; आपल्याकडच्या उन्हानं तिचा डिंक पाघळून मातीला धरला होता. पुढं दोन गोष्टी निघाल्या. पहिल्या मालकानं बसवलेला ट्रॅकर, ज्याचं सिमकार्ड केव्हाच बंद झालं असेल पण यंत्र आपलं चालूच. आणि जादा दिव्यांचा रिले, म्हणजे ते दिवे चालू-बंद करणारा स्विच. दिवे कधीचे काढून नेलेले, रिले मात्र दिवसरात्र करंट ओढत बसलेला, हात लावला तर कोमट. या सगळ्याला मधे एकही फ्यूज नाही. ती वायर कुठं घासून पत्र्याला टेकली असती तर काय झालं असतं, ते तुम्ही हळू आवाजात सांगितलंत. त्या व्हॅनमध्ये रोज माझ्या मागं डबे असतात, आणि सुट्टीच्या दिवशी माझी मुलगी.

‘आता?’ तुम्ही आतून विचारलंत. मी ओरडलेच. ‘चाचा, दोन! शून्य पॉइंट शून्य दोन!’

तो आकडा माझ्या हातात पडला. दुसऱ्या कुणी येऊन ‘झालं ताई, इतके द्या’ म्हटलं असतं तर मी पैसे दिले असते आणि पुढच्या सोमवारपर्यंत धाकधुकीत राहिले असते. पण मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. त्या रात्री घरी बसून हिशेब केला: रविवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत अठरा तास, ०.४२ नं साडेसात अँपिअर-अवर. माझी बॅटरी पस्तीसची, म्हणजे तिचा पाचवा हिस्सा नुसता उभ्या उभ्या जात होता, तोही आधीच अर्धपोटी बॅटरीतून. नवी बॅटरी टाकूनही पुन्हा तेच का झालं, ते मला तुमच्यामुळं स्वतःला मांडता आलं. शाळा सुटून मला वीस वर्षं झाली, चाचा. इतक्या वर्षांत ‘तुला समजेल, तूच बघ’ असं मला फार थोड्या माणसांनी म्हटलं आहे.

इंजिन गाडीच्या पत्र्याला जोडणारी अर्थिंगची पट्टीही तुम्ही दाखवलीत, बोल्टखाली हिरवी-पांढरी बुरशी धरल्यासारखी. तिच्यामुळं सेल्फला पुरता करंट मिळत नव्हता आणि डायनामोचाही बॅटरीपर्यंत पुरता पोचत नव्हता. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.१ व्होल्ट दाखवत होतं. पट्टी बदलल्यावर १४.२. तेव्हा कळलं, आधीचा डायनामोही चांगलाच होता. तो कुठं गेला कोण जाणे, मला परत दिलाच नाही. तुम्ही मात्र काढलेली सगळी वायर, ट्रॅकर, रिले पिशवीत घालून माझ्या हातात ठेवलंत, ‘तुमच्या गाडीतलं आहे’ म्हणून.

आणि तुम्ही पैसे घेतलेत हे मला फार आवडलं. पट्टीचे इतके, मजुरीचे इतके, कागदावर लिहून. मी जास्तीचे देऊ लागले तर तुम्ही हिशेबावर बोट ठेवलंत आणि उरलेले परत केलेत. उपकार केल्याचा आव नाही, गरजू बाई म्हणून दया नाही. कामाचा मोबदला कामाएवढा. अशा व्यवहारात माणसाची मान ताठ राहते.

२०१६ च्या उन्हाळ्याची आठवण झाली. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं ते वर्ष. आमच्या गल्लीत एक टँकरवाला यायचा. गल्लीच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहायची, तिला घागर घेऊन रेटारेटीत येता यायचं नाही. तो नळी गुंडाळायच्या आधी चालत तिच्या दारापर्यंत जायचा आणि विचारायचा, ‘मावशी, तुमचं भरलं का?’ मगच गाडी हलवायचा. त्याला कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. माणसं चांगली आहेत का वाईट, यावर आमच्याकडं पारावर खूप वाद चालतात. मला त्या वादात पडायचं नाही. मला तो टँकरवाला माहीत आहे आणि तुम्ही माहीत आहात. तुम्ही दोघंही आपलं रोजचंच काम करत होता, समोरच्या माणसाकडं बघून करत होता.

मोठ्या दुकानवाल्यांवर माझा राग अजून आहे, तो लपवत नाही. त्यांच्याकडं तुमच्यापेक्षा भारी यंत्रं आहेत. काचेच्या कपाटात स्कॅनर ठेवलेला मी बघितला आहे. दहा मिनिटं मीटर लावलं असतं तर बॅटरीवर, डायनामोवर माझ्या पैशांचं पाणी झालं नसतं, आणि ते पोरगं बिस्किटावर टेस्टला गेलं नसतं. तेवढी दहा मिनिटं त्यांनी दिली नाहीत.

जुनी गाडी घ्यायला निघालेल्या बायाबापड्यांना मी आता एवढंच सांगते: रंग आणि टायर नंतर बघा, आधी बॅटरीच्या टर्मिनलवर जादाची वायर आहे का ते बघा, आणि असली तर ती कुठं जाते ते विचारा. मी स्वतः एक साधं मीटर घेतलं आहे. सकाळी डबे भरायच्या आधी लावून बघते. गाडी रात्रभर उभी असली तरी साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवतं, चालू केली की चौदा. भाचा म्हणतो, मावशी, रोज काय बघायचं? पण मला बघायला आवडतं.

सोमवारी गाडी पहिल्या सेल्फला लागते, चाचा. मेसची लेकरं आता फोन करून ‘काकू, निघालात का’ असं विचारत नाहीत, थेट भाजी कसली आहे ते विचारतात.

एक काम राहिलंय. डाव्या बाजूचा इंडिकेटर फार भराभर लुकलुकतो. मागचा बल्ब गेला असावा असं मला वाटतं, पण तुमच्यासमोर तपासूनच बदलेन. शुक्रवारी नमाजनंतर शेड उघडता ना? तेव्हा येते. येताना ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पाटवड्यांचा रस्सा आणते. पाने पुसणाऱ्या त्या पोराला जेवायला थांबवून ठेवा, तो फार बारीक आहे.

तुमची,
डब्याच्या व्हॅनवाली ताई
लातूर