नंदूस पत्र : जिनाच्या तळटिपा गाळू नकोस

प्रिय नंदू,

स. न.

वाचनालयातल्या पोरांना 'द अॅम्युलेट ऑफ समरकंद' मराठीत करून वाचून दाखवणार आहेस, हे उत्तमच. पण "तळटिपा गाळतो, ऐकताना पोरं गोंधळतील" असं लिहिलंस, त्यावरून हे लांबलचक पत्र. तळटिपा गाळल्यास तर हाती उरेल ती एका चोरीची बरी गोष्ट. गोष्ट सांगणारा जिन, बार्टिमियस, निघून जाईल.

जोनाथन स्ट्राउडने 2003 साली हे पुस्तक काढताना मांडणीच अशी केली की त्या जिनाला राबवणाऱ्या शिकाऊ जादूगार पोराची, नथॅनिएलची, प्रकरणं तृतीयपुरुषी, गंभीर; आणि जिनाची प्रकरणं 'मी' म्हणत, खाली टिपा देत. जिनाचं मन एकाच वेळी अनेक थरांवर चालतं, ही त्यामागची सबब. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. या गड्याचं स्वतःचं काहीच नाही. कुठं जायचं, काय चोरायचं, कधी परतायचं, सगळं जादूगार मालकाच्या हुकुमावर. पानाच्या तळाशी मात्र मालकाची नजर पोचत नाही. तिथं तो मालकांची खिल्ली उडवतो, जुन्या लढायांच्या बढाया मारतो, वर सांगितलेलं खाली फिरवतो. गुलामाची हक्काची जागा तेवढीच, आणि तीच तू कापायला निघालास!

वाचायची युक्ती सोपी आहे. टिपांसाठी दुसरा वाचक घे आणि त्याला पोरांच्या मागे बसव. टीप वाक्याच्या मध्यावर असली तरी आधी वाक्य पुरं करायचं, मगच मागचा आवाज. एका पानावर तीनचार टिपा आल्या तर निव्वळ इतिहासाची सोड, मालकाला टोमणा असलेली कधीच सोडू नकोस. प्रकरण संपल्यावर सगळ्या टिपा एकदम वाचायचा मोह होईल; तसं केलंस की विनोद शिळा होतो.

आता शब्द. 'वेताळ', 'समंध', 'मुंजा' हे हाताशी आहेत म्हणून वापरशील, तर फसशील. समंध आणि मुंजा ही मेलेल्या माणसांची भुतं, मागे राहिलेल्या वासनेची. बार्टिमियस कधी माणूस नव्हताच. वेताळ तर कित्येक गावांत देव म्हणून पुजला जातो. तेव्हा 'जिन'च ठेव. इम्प, फोलिअट, जिन, अफ्रित, मारिद ही चढती उतरंड आहे तशीच राहू दे. आपला गडी मधल्या पायरीवर आहे एवढं पोरांना कळलं की पुरे. मूळात जादूगार या सगळ्यांना सरसकट 'डीमन' म्हणतात आणि त्यांना ती शिवी वाटते. म्हणून 'राक्षस' हा शब्द फक्त जादूगारांच्या तोंडी घाल. अल्लाउद्दीनच्या दिव्यातल्या राक्षसावर वाढलेल्या पोरांना हा फरक आपसूक टोचेल.

जिनाला बोलावण्याच्या 'समनिंग'ला 'आवाहन' नको. आवाहन देवाचं करतात, त्यात विनंती असते. याला 'हजर करतात', कोर्टात करतात तसं. त्याच न्यायाने शेवटी 'विसर्जन' नाही, 'सुटका'. जिन ज्याचा बनलेला असतो त्या 'एसेन्स'ला मात्र 'सत्त्व' चपखल बसतं: पृथ्वीवर जितके दिवस राबवाल तितकं ते झिजतं. पुढच्या भागांत या झिजण्यालाच महत्त्व येतं, म्हणून शब्द पहिल्यापासून एकच ठेव.

इंग्रजीत नसलेली एक सोय आपल्याकडे आहे. जिनाने नथॅनिएलला 'तू'च म्हणायचं, आणि खवचटपणा करायचा असेल तेव्हा 'आपण'. पोरगा त्याच्या गुरूला, अंडरवुडला, 'तुम्ही' म्हणेल, अंडरवुड त्याला तुसडं 'तू'. कोण कोणाच्या हाताखाली आहे हे वेगळं समजावायला लागत नाही.

रिंगणाचा भाग घाईत उरकू नकोस. गोष्टीतल्या लंडनात जादूगारांकडे स्वतःची शक्ती शून्य असते. सगळं पकडलेल्या जिनांकडून करून घ्यायचं. जादूगाराचा जीव म्हणजे खडूची एक अखंड रेघ. एका रिंगणात तो, दुसऱ्यात जिन. पोरांसमोर जमिनीवर आखूनच दाखव: खिळा, दोरी, 60 सेंटीमीटर त्रिज्या. वर्तुळावर पाच खुणा कर, शेजारच्या दोन खुणांत सरळ मोजून साधारण 70 सेंटीमीटर भरायला हवेत. मग एकाआड एक खूण जोडली की चांदणी तयार. शेवटची रेघ पहिल्या खुणेला नेमकी न भिडणं ही नेहमीची चूक. दुसरी म्हणजे आखता आखता स्वतःच्याच चपलेने पुसणं. जिन हजर झाल्याबरोबर आधी अशी फट शोधतो, ती का, हे मग सांगावं लागत नाही. फट सापडली नाही की धाक घालून किंवा गोड बोलून समोरच्याला रेघेबाहेर काढायला बघायचं. जिनांना चांदी, लोखंड, रोझमेरी ही वासाची वनस्पती सोसत नाही. बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना त्यातलं लोखंड समजावून सांगावं लागलं नसतं.

नावाचा धागा सर्वांत जप. जादूगारांकडे शिकायला ठेवलेली मुलं मूळ नाव विसरवून वाढवतात, कारण जिनाला जन्मनाव कळलं की मालकाची शिक्षा मालकावरच उलटवता येते. नथॅनिएलची चूक जादूत नाही. घरात मिसेस अंडरवुड त्याला मायेने नावाने हाक मारतात आणि जिन ऐकतो. माया करणारं माणूसच पोराचं कवच फोडतं. ती हाक अगदी साध्या आवाजात वाच, सूचक थांबू बिंबू नकोस.

त्यावर पोराने काढलेला तोडगा म्हणजे रोझमेरी भरलेली तंबाखूची पत्र्याची डबी, थेट थेम्समध्ये. महिन्याभरात त्याने मंत्र मागे घेतला नाही, म्हणजे तो मेला तरीही, जिन कायमचा त्या डबीत. आपल्याकडे डबी म्हटलं की चुना आणि मळणं आठवतं, हशा पिकेल. पिकू दे, पण 'कायमचा' हा शब्द हशा ओसरल्यावर वाच.

टिपांसाठी माणूस मिळाला नाही तर कळव. शनिवारी दुपारी मी मोकळाच असतो.

तुझा,
बाळ्या