एकच हान नव्हे, हानांची वाट जपावी: तुर्कियेच्या संस्कृती व पर्यटन मंत्र्यांना खुले पत्र

मा. संस्कृती व पर्यटन मंत्री,
तुर्किये प्रजासत्ताक, अंकारा

सादर नमस्कार.

कोन्याहून अक्सरायकडे जाताना उघड्या पठारावर सुलतान हान दिसतो. हान म्हणजे व्यापारी काफिल्यांच्या मुक्कामाची सराई. त्या काळी इथे राज्य करणाऱ्या सेल्जुक या तुर्क घराण्यातील सुलतान अलाउद्दीन कैकुबाद पहिला याने १२२९ मध्ये बांधवलेल्या या सराईचे प्रवेशद्वार सुमारे तेरा मीटर उंच असून, कोरीवकामाचा सारा थाट दारांवर आणि बाहेरचा तट मात्र किल्ल्यासारखा मुका आहे. चौकात मधोमध चार कमानींवर उचललेली छोटी मशीद आहे. खाली जनावरांची वर्दळ चालू असली तरी वर नमाजाला स्वच्छ, निवांत जागा मिळावी, अशी ती योजना. मला मात्र सर्वाधिक भावले ते मागचे बंदिस्त दालन. जाड भिंती, खांबांच्या रांगा आणि मध्यावरील घुमटातून उतरणारा थोडासा उजेड पाहिला की अनातोलियाच्या हिवाळ्यात माणसे आणि जनावरे इथे कशी तग धरत असतील, हे समजते.

शिलालेखात दमास्कसच्या मुहम्मद बिन हवलान या वास्तुकाराचे नाव आहे, आणि आगीनंतर १२७८ मध्ये झालेल्या दुरुस्तीचीही नोंद आहे. म्हणजे दुरुस्ती लपवण्याची नव्हे, कोरून ठेवण्याची रीत इथे जुनीच आहे. आजच्या डागडुजीतला नवा दगडही जाणत्या डोळ्याला वेगळा ओळखता यावा आणि जुन्या दगडांवरील पाथरवटांच्या खुणा घासून जाऊ नयेत, ही माझी पहिली विनंती.

दुसरी विनंती अधिक महत्त्वाची आहे. सेल्जुकांनी १२०७ मध्ये अंताल्या आणि १२१४ मध्ये सिनोप घेतल्यावर भूमध्य आणि काळा समुद्र हे दोन्ही किनारे त्यांच्या व्यापाराला खुले झाले, आणि त्या बंदरांना जोडणाऱ्या वाटांवर साधारण एका दिवसाच्या मजलेवर एकेक हान उभा राहू लागला. एकट्या हानाला म्हणूनच फारसा अर्थ नाही. पुढचा मुक्काम गाठता येत असेल तरच आजच्या मुक्कामाचा उपयोग. प्रवासी मात्र सुलतान हानची छायाचित्रे काढून परततात आणि अक्सरायच्या पलीकडे जवळच असलेला आघझिकारा हान पाहायचा राहून जातो. मलात्याकडच्या हेकिमहानच्या सराईवर १२१८ चा लेख अरबी, आर्मेनियन आणि सिरियाक अशा तीन भाषांत आहे. तो पाहायला वाट वाकडी करणारे तर विरळाच.

कायसेरीजवळच्या कराताय हानचे दानपत्र तर प्रत्येक हानाच्या दारी लावावे असे आहे. अमीर जलालुद्दीन कराताय याने त्यात घालून दिले आहे की येणारा मुसलमान असो वा नसो, पुरुष असो वा स्त्री, स्वतंत्र असो वा गुलाम, सर्वांना सारखेच जेवण मिळावे. आमच्याकडच्या धर्मशाळा आणि अन्नछत्रे पाहिलेल्या माणसाला हा मजकूर परका वाटत नाही.

देनिझली ते दोउबायझित या मार्गावरील सेल्जुक सराया २००० पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत आहेत. त्यांचे नामांकन पूर्णत्वास न्यावे, त्यात पडझड झालेल्या लहान हानांनाही स्थान द्यावे आणि प्रत्येक ठिकाणी मागचा व पुढचा मुक्काम दाखवणारा नकाशा लावावा, एवढे आपल्या मंत्रालयाकडे मागणे आहे.

कळावे,
आपला,
एक मराठी प्रवासी