केबल तुटण्याआधी कळू शकते: दळणवळण मंत्र्यांना ग्वाल्हेरहून खुले पत्र

मा. ज्योतिरादित्य शिंदे,
केंद्रीय दळणवळण मंत्री

सविनय नमस्कार.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, बाळाबाईच्या बाजारात राहतो. सगळी नोकरी फायबर जोडण्यात गेली. खड्ड्यात बसून केसाएवढ्या काचेची टोके जुळवायची, हेच काम.

यंदा थंडीत एका पहाटे आमचा अख्खा मोहल्ला नेटशिवाय उठला. रात्री कोणीतरी चेंबरचे झाकण काढून मुख्य केबल कापली होती, तांबे मिळेल म्हणून. आत काच निघाली तेव्हा तुकडा तिथेच टाकून तो गेला. केबल ज्यांची, त्यांना हे कळले ते लोकांच्या तक्रारी आल्यावर. जोड व्हायला दुपार झाली. शेजारच्या मुलीची सकाळी दहाला ऑनलाइन मुलाखत होती, ती हुकली. जिन्यात बसून रडत होती पोर.

मला राहून राहून वाटते, झाकण उचलले त्याच क्षणी केबलला ते जाणवले असणार. फक्त तिला विचारणारे कोणी नव्हते.

फायबरमध्ये लेसरचा झोत सोडला की काचेतल्या सूक्ष्म विषमतेमुळे त्यातला अगदी थोडा प्रकाश प्रत्येक ठिकाणाहून मागे परततो. जवळ कुदळ पडली, जेसीबी आला, कोणी केबलला हात घातला, तर काच किंचित ताणली जाते आणि परतणाऱ्या प्रकाशाची लय बदलते. जागाही कळते: काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे १ मायक्रोसेकंदाने परतलेला प्रकाश सुमारे १०० मीटरवरून आलेला. केबलमधला एक रिकामा धागा आणि एका टोकाला एक यंत्र, एवढ्यावर साधारण ४० किलोमीटरचा मार्ग राखता येतो. आम्ही आयुष्यभर वापरलेला ओटीडीआर, म्हणजे केबल कुठे तुटली ते शोधणारे उपकरण, बहुतेक वेळा तुटल्यानंतरच बाहेर निघायचा. हे यंत्र घाव पडण्याआधी सांगते.

आपल्याकडे हे नवे नाही. तेलाच्या पाइपलाइनी चोरांपासून अशाच राखल्या जातात. ईशान्य सीमा रेल्वेने रुळांशेजारच्या फायबरवरून हत्तींची चाहूल घेणारी ‘गजराज’ यंत्रणा बसवली आहे. हत्तीचे पाऊल ओळखता येते, तर फावड्याचा घाव का नाही?

आपल्या खात्याचे ‘कॉल बिफोर यू डिग’ अ‍ॅप मार्च २०२३ मध्ये आले. चांगलेच आहे ते. पण खोदण्याआधी कळवतो तो सरळ ठेकेदार. रात्री चेंबर उघडणारा कळवत नाही. गावोगाव इंटरनेट नेणाऱ्या सुधारित भारतनेट योजनेत ग्रामपंचायती रिंगने जोडल्या जाणार आहेत. त्यामुळे एक बाजू तुटली तरी सेवा दुसरीकडून चालेल, पण तुटायचे ते तुटेलच.

म्हणून विनंती: ग्वाल्हेर-मुरैना मार्गावर एक चाचणी करा. अंतर सुमारे ४० किलोमीटर, शेजारी महामार्ग आणि रेल्वे. तिथला गोंगाट यंत्राला वेगळा काढता आला तर पुढे कुठेही भरवसा ठेवता येईल. सुरुवातीला खोट्या सूचना खूप येतील, ट्रक गेला तरी घंटा वाजेल. ती शिकवणी स्थानिक लाइनमनच्या हाताखाली होऊ द्या, त्याला रस्त्याचा प्रत्येक चेंबर ठाऊक असतो. घरोघरी जाणाऱ्या, स्प्लिटरने फाटे फुटलेल्या केबलवर हे अवघड आहे, म्हणून आधी मोठे मार्गच घ्यावेत. आणि सूचना आल्यावर धावणारा माणूस आणि गाडी रात्रीही तयार हवी. त्याशिवाय यंत्र घेऊच नका.

आणखी एक काळजी आहे. अशा फायबरला माणसांची पावले आणि गाड्याही कळतात. ही नोंद कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, याचा नियम चाचणीआधी जाहीर व्हावा.

चाचणीला जोडणीसाठी माणूस लागला, तर मी येईन. मोबदला नको. हात अजून स्थिर आहे.

आपला,
लष्करमधील एक निवृत्त फायबर तंत्रज्ञ