मुनीमकाका, कारखाना नीट बंद करून दिलात त्याबद्दल

काका, फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणता, म्हणून इथं लिहायला बसलोय.

दिवाळीनंतर चारही माग थांबवले, कामगारांचा हिशोब चुकता केला, शटर ओढलं आणि मला वाटलं सुटलो. आधीचा कर सल्लागार म्हणालाच होता, जीएसटीची रिटर्न भरू नका, जीएसटी नंबर आपोआप बंद होतो. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत तुम्ही भेटलात, मी मोठ्या ऐटीत हे सांगितलं, तर हातातला भजीचा कागद चुरगळत तुम्ही म्हणालात, "काय बे, कुलूप लावलं म्हणजे संपलं का? नंबर तर चालूच हाय की!" गर्दीत चार लोकांनी वळून बघितलं हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तुम्ही दारात. निल रिटर्न, म्हणजे धंदा शून्य असलेलं, राहिलं तरी दिवसाला 20 रुपये लेट फी चढते, आणि ऑफिसनं स्वतःहून नंबर रद्द केला तरी मागची देणी काही माफ होत नाहीत, हे कळल्यावर माझं तोंड बघण्यासारखं झालं असेल. आधी ती राहिलेली रिटर्न भरून घेतलीत. भंगारवाला रोख देतो, बिल नको म्हणत होता, त्याला तुम्ही परत पाठवलं, आणि नंबर चालू आहे तोवरच माग विक, बिल फाड, जीएसटी लाव म्हणालात.

मग स्टॉक. हे मी विसरणार नाही. उरलेल्या सुताचा एकेक कोन तुम्ही काट्यावर ठेवायला लावलात, सुताचा धुरळा नाकातोंडात जातोय, तुम्ही उपरणं बांधून लाईट बिलाच्या पाठीमागं वजनं लिहिताय. मी म्हटलं अंदाजे टाकू की काका, तर नुसतं चष्म्यावरून बघितलंत. उरलेल्या मालावर जो क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, आपण घेतलेला असतो तो बंद करताना परत द्यावा लागतो, हे मला बारा वर्षं धंदा करून माहीत नव्हतं. सूत निघालं 1,10,000 चं, 5 टक्क्यांनी 5,500, आणि ते लेजरमध्ये, म्हणजे जीएसटीच्या खात्यात, पडून असलेल्या क्रेडिटमधून वळते झाले, खिशातून एक रुपया गेला नाही. कॅश लेजरमधले, म्हणजे तिथंच रोख भरून ठेवलेले, 3,200 तर मी विसरूनच गेलो होतो, त्याचा रिफंडचा अर्ज पण तुम्हीच टाकायला लावला.

आरईजी-16, म्हणजे नंबर रद्द करायचा अर्ज, भरल्यावर रद्द झाल्याची ऑर्डर आली, मी पेढे आणायला निघालो, तर म्हणालात थांब, जीएसटीआर-10, म्हणजे शेवटचा रिटर्न, राहिलाय, तीन महिन्यांत भरला नाहीस तर दिवसाला 200 रुपये. प्रोफेशन टॅक्सचं पण तसंच, नंबर रद्द करून घेतला नसता तर वर्षाचे 2,500 मागं लागलेच असते.

खरं सांगू का, वडिलांचा धंदा मी बुडवला असं गल्लीत बोललं जात होतं. तुम्ही तसलं काहीच बोलला नाहीत, नुसतं शेजारी बसून वजनं लिहीत राहिलात, त्यानं लई बरं वाटलं.

वह्या, बिलं सगळी आजीच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलीत. 72 महिने हात लावायचा नाही, झाकणावर तारीख तुमच्याच अक्षरात आहे.

फी घेतली नाहीतच. शेंगाचटणीचा डबा पोराच्या हातानं पाठवतोय, मागच्या वेळेसारखा परत पाठवू नका.