ओंकार, गोळ्यांची बेरीज कर

प्रिय ओंकार,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला औषधांचा फोटो मोठा करून पाहिला. तापाची गोळी, सर्दीची गोळी, खोकल्याचं सिरप आणि रात्री सेटिरिझिन. चार नावं, चार रंग, पण आतली औषधं वेगळी नाहीत. सर्दीच्या गोळीतही तापाच्या गोळीतलंच पॅरासिटामॉल आहे, ५०० मिलिग्रॅम. ती तू तीनदा घेतोस, म्हणजे १५००. वर ६५० ची तापाची गोळी चारदा, म्हणजे २६००. बेरीज ४१००. धडधाकट मोठ्या माणसाची चोवीस तासांची कमाल मर्यादा ४०००, आणि तू तर तापात धड जेवतही नाहीस. दोन-तीन दिवस असंच चाललं असेल तर आजच डॉक्टरांना सांग. यकृताला इजा झाली तरी पहिल्या दिवशी फार तर मळमळतं, कधी तेही नाही. मात्र त्यावरचा उतारा जास्त गोळ्या घेतल्यापासून पहिल्या आठ तासांत मिळाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून ‘मला काही होत नाहीये’ हे उत्तर मला नको.

सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन, म्हणजे शिंका आणि गळणारं नाक थांबवणारं अ‍ॅलर्जीवरचं औषध आहे, तेच सर्दीच्या गोळीत आहे आणि सेटिरिझिनही त्याच जातीचं. तिन्ही मिळून नाक जास्त सुकतं, झोप मात्र तिप्पट येते. अशा अवस्थेत सकाळी गाडी चालवू नकोस. रात्री नीट झोपलास तरी क्लोरफेनिरामिनची गुंगी सकाळपर्यंत राहू शकते.

लहानपणी हे सिरप तुला इतकं आवडायचं की बाटली फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवावी लागायची. ताईला चमचाभर जास्त मिळालं म्हणून केवढा रुसला होतास! आताही बाटली तोंडाला लावत असशील. झाकणावरच्या मापाने घे. घरातल्या चमच्यात कधी ३ मिली मावतं, कधी ७.

आणखी एक. सिरपच्या मागे डेक्स्ट्रोमेथॉर्फन, म्हणजे खोकला दाबणारं औषध, लिहिलंय का बघ. तुझ्या एस्सिटालोप्रामबरोबर, म्हणजे नैराश्य-चिंतेवरच्या त्या गोळीबरोबर, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. हातपाय थरथरणं, घाम, जीव कासावीस होणं, छातीत धडधड, यातलं काही झालं तर थेट दवाखाना. आणि सिरपसाठी एस्सिटालोप्राम मनाने बंद करू नकोस. ती गोळी घेतोस हे दुकानात सांगायला संकोच कसला? घेतोस, सावरलास, मला त्याचा अभिमान आहे.

फार बोलले. एकटा राहून सगळं निभावतोस, आणि मी अजून चमच्याची मापं सांगतेय. राग मानू नकोस. पण पॅरासिटामॉलचं तेवढं कर: कोणतीही नवी स्ट्रिप उघडण्याआधी मागची बारीक अक्षरं वाच, आणि तेच नाव दुसऱ्या पाकिटावर असेल तर दोन्हींतली एकच घे. ताप नसेल तर तीही नको. नुसतं नाक गळत असेल तर एकटं सेटिरिझिन, १० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, पुरे.

बाबा शनिवारी येतायत. त्यांना शिंका आल्या तर तुझी सर्दीची गोळी पुढे करू नकोस. तिच्यातल्या नाक मोकळं करणाऱ्या फेनिलेफ्रिनने त्यांचं बीपी वाढू शकतं आणि क्लोरफेनिरामिनने लघवी अडू शकते. प्रोस्टेटचं ते स्वतः सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतेय.

तुझी,
आई