दाढ दुखायची थांबली म्हणून ट्रीटमेंट अर्धी सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरात बीपी-शुगरवर नेहमी येतं पण दातांवर फारसं वाचायला मिळत नाही. माझी खालची डावी दाढ गेल्या वर्षी गेली, ती वाचली असती, आणि हे मनातून जातच नाहीये म्हणून लिहितेय.

सुरुवात गार पाण्याने झाली. पाणी लागलं की कळ यायची आणि दोन-दोन मिनिटं जायची नाही, मग रात्री आडवं पडलं की ठणका सुरू. लवंग धरली, मेडिकलमधून गोळ्या आणल्या, आणि आठवड्याभराने दुखणं एकदम बंद. घरात सगळ्यांना वाटलं सुटली बाई. दोन महिन्यांनी गाल सुजला तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, मुळाच्या टोकाशी मसुराएवढा काळा डाग होता. दुखणं थांबलं ते आतली नस मेली म्हणून, जंतू तिथेच राहिले आणि मुळातून पार हाडापर्यंत उतरले. नुसत्या अँटिबायोटिकवर का भागत नाही तेही तेव्हाच कळलं, मेलेल्या नसेत रक्तच जात नाही तर औषध पोचणार कसं, सूज उतरते पण घाण आतच.

यावर उपाय म्हणून माझं रूट कॅनाल झालं, त्याला लोक उगाच घाबरतात. भूल देतात, दाढ वरून उघडतात आणि सुईसारख्या बारीक फाइलने मुळातल्या नळ्या साफ करतात. माझ्या दाढेत तीन निघाल्या, वरच्या दाढेत बरेचदा चार असतात आणि चौथी इतकी बारीक की राहून गेली तर परत त्रास होऊ शकतो, म्हणून वेळ लागतो, घाई करायला लावू नका. मधेमधे पिचकारीने औषध सोडतात, त्याचा वास थेट कपड्याच्या ब्लीचसारखा. शेवटी गटापर्चाच्या केशरी-गुलाबी काड्या, झाडाच्या चिकापासून बनवलेल्या, त्या नळ्यांत भरून वरून सिमेंट. मला इंजेक्शनची टोच सोडली तर काही कळलं नाही, नंतर दोन-तीन दिवस चावताना दुखलं एवढंच.

चूक झाली ती पुढे. डॉक्टरांनी कॅप, म्हणजे दाढेवर बसवायचं टोपण, सांगितली होती, पण दुखत नव्हतं, मुलाच्या अ‍ॅडमिशनचे पैसे भरायचे होते, पुढच्या महिन्यात बघू म्हणत पाच महिने गेले. संक्रांतीला शेंगदाण्याची चिक्की चावली आणि कट्‌ आवाज आला. दाढ मधोमध चिरली होती, चीर मुळापर्यंत गेलेली, काढण्याशिवाय उपाय राहिला नाही. किडीने आणि उघडताना दाढेचा बराच भाग गेलेला असतो, उरतात त्या पातळ भिंती, आणि चावायचा सगळा जोर तर मागेच येतो. पुढच्या दाताला भोक लहान असेल तर नुसत्या सिमेंटवरही चालून जातं, दाढेला मात्र बहुतेक वेळा कॅप लागतेच.

डॉक्टर मंडळींना कळकळीची विनंती, पहिल्याच दिवशी रूट कॅनाल आणि कॅप दोन्ही मिळून किती खर्च येईल ते कागदावर लिहून द्या. आम्हाला कॅप म्हणजे वरचा खर्च वाटतो हो, हौसेचा. ज्यांना खासगीत झेपत नाही त्यांच्यासाठी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेजं आहेत, फेऱ्या जास्त पडतात पण पैसे खूप कमी लागतात. आणि वरची दाढ काढली की नजर जाते म्हणून वर्षानुवर्षं कळा सोसत बसलेल्या बायका माझ्या ओळखीत आहेत, तसं काही नसतं, यावर तरी आपण एखाद्या डेंटिस्टकडून लेख लिहून घ्याच.

सासूबाईंचं रूट कॅनाल गेल्या आठवड्यात झालं. त्यांचंही सुरू झालंय, आता दुखत नाही तर कॅप कशाला. शनिवारी मापाला घेऊन चाललेय त्यांना.

आपली नियमित वाचक,
सांगली