मागच्या चार प्लगबद्दल

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

त्या रविवारी माझ्या गाडीचं काम संपल्यावर संध्याकाळी मी पैशांचं पाकीट पुढे केलं, तर तुम्ही हात मागे घेतलात आणि साबण मागितलात. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. बिल्डिंगमधल्या लोकांना त्या दिवशी एवढंच दिसलं की आपण दोघं सकाळपासून बॉनेट उघडून पार्किंगमध्ये आहोत.

माझी होंडा सिटी २००६ ची. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचं ते तिच्यातूनच. येताना आई थकून डोळे मिटून मागे पडलेली असते, आणि नेमकी पुलाच्या चढावर, सेकंड गिअरमध्ये, गाडी आचके द्यायची. प्रत्येक आचक्याला आईची मान हलायची. ते आरशात बघत गाडी चालवताना माझा जीव कसा व्हायचा ते मलाच ठाऊक. दोन गॅरेज करून झाली होती. दोन्हीकडच्या बिलावर लिहिलं होतं, प्लग बदलले, नग ४. म्हणजे ठिणगी पाडून पेट्रोल पेटवतात ते स्पार्क प्लग.

ते बिल तुम्ही वाचलंत, टॉर्च घेऊन इंजिनाच्या मागच्या फटीत वाकलात आणि म्हणालात, "अगं, इथं मागं अजून चार कॉईल आहेत." प्लगला वीज देणारी ही कॉईल प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एकेक असते.

काका, तुमची उभी हयात दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये गेली. एसटीचं इंजिन डिझेलचं, त्याला स्पार्क प्लगच नसतो. तरी जे पेट्रोलवाल्यांनी बघितलं नाही ते तुम्ही बघितलंत. या इंजिनात एका सिलिंडरला दोन, असे आठ प्लग असतात. पुढचे चार बॉनेट उघडलं की हाताशी येतात. मागचे चार काचेखालच्या काऊलच्या, म्हणजे वायपरखालच्या झाकणाच्या, आड दडलेले. तिथं पोचायचं तर वायपर काढा, काऊल काढा. तेवढा खटाटोप नको म्हणून ते चार तसेच राहिले होते. किती वर्षं, देव जाणे.

तुम्ही ठरवलं असतं तर दोन तासांत काम उरकलं असतं. तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि पाना माझ्या हातात दिलात. मला सगळ्यात मोठे आभार त्याचे मानायचेत.

इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं, प्लग ज्यात बसतात ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग काढला तर आटे जातील, हे तुम्ही आदल्या दिवशीच बजावलं होतं. सकाळी आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडायला लावलंत. काऊलच्या क्लिपा उन्हानं कडक झालेल्या. मी स्क्रू ड्रायव्हर घालणार तेवढ्यात तुम्ही थांबवलंत, वरून काकूंकडून गरम पाणी मागवलंत आणि पिळलेलं फडकं एकेका क्लिपेवर मिनिटभर धरायला सांगितलंत. एकही क्लिप तुटली नाही. कॉईलवर खडूनं आकडे घातले, दहाच्या पान्यानं बोल्ट सोडले. मग तुम्ही सायकलचा पंप आणलात. प्लग सोडायच्या आधी त्या खोल भोकातली धूळ उडवून लावायची, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. प्रत्येक भोकातून वाळूसारखी माती उडाली, माझ्या डोळ्यांत गेली, पण आत गेली नाही.

तिसरा प्लग हलेना. मी जोर लावायला लागले तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. स्प्रे मारला, अर्धा तास थांबलो, चहा घेतला. नंतर जरा सोडायचा, जरा आवळायचा, पुन्हा सोडायचा, असं करत तो करकरत बाहेर आला. त्याचं टोक झिजून गोल झालं होतं. फट मोजायच्या गेजचं १.१ मिलिमीटरचं पातं नव्या प्लगच्या फटीत बेतानं बसत होतं. याच्यात ते सैल डुगडुगलं. तुम्ही तो प्लग उन्हात धरून बराच वेळ बघत होतात. मग म्हणालात, "बिचाऱ्यानं खूप ओढलं."

आणि ती रबरी नळी! वीतभर पेट्रोल पाइपचा तुकडा नव्या प्लगच्या शेंडीवर चढवलात आणि तो नुसत्या बोटांनी भोकात सोडायला शिकवलंत. आधी उलटा फिरव, आटा आट्यावर बसला की बारीकसा टक् लागतो, मग सुलटा. आटे चुकले तर नळी प्लगवर घसरते, धातूवर जोर येतच नाही. मी डोळे मिटून फिरवत होते, कारण तिथं तसंही काही दिसत नव्हतं. तो टक् मला अजून बोटांत जाणवतो. वॉशर टेकल्यावर पान्यानं अर्धा फेरा, बस्स. दुसऱ्या प्लगला सॉकेट एक्स्टेंशनवरून निसटून आतच राहिलं तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. तुम्ही काही न बोलता ते बाहेर काढलंत, सांध्यावर काळी टेप गुंडाळलीत आणि पाना पुन्हा माझ्याच हातात दिलात.

मागच्या चारांना पाच तास लागले, पुढच्या चारांना वीस मिनिटं.

मंगळवारी आईला घेऊन आले. पुलाचा चढ आला तसे माझे हात स्टिअरिंगवर आवळले गेले. गाडी सेकंडमध्ये सरळ चढली. आरशात बघितलं तर आईला खरोखरची झोप लागली होती. पूल उतरून सिग्नलला थांबले तरी ती जागी झाली नाही.

तुमची नळी आणि पंप माझ्याकडेच राहिलाय. रविवारी आणून देते. आई म्हणतेय तिलाही वर यायचंय, पण चार जिने आहेत, तेव्हा तुम्ही आणि काकूच खाली या. पुरणपोळीचा बेत आहे.

तुमची,
तळमजल्यावरची